एकाच बादलीतलं ऑइल आणि दोन पिकअप: डीपीएफ तुंबल्याचं एक प्रकरण

नारायणगावजवळ माझं गॅरेज आहे. टोमॅटोच्या हंगामात दारात सतत पिकअप उभ्या असतात, आणि प्रत्येकाला संध्याकाळच्या मालाआधी गाडी हवी असते. गेल्या हंगामात आमच्या भागातल्या एका तात्यांची गाडी आली. तिचं प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण डिझेल गाडीसाठी ऑइल निवडताना ज्या चुका एरवी सुट्या सुट्या दिसतात, त्या इथे एकाच इंजिनात भेटल्या. त्यातली एक चूक माझ्या निदानातही होती.

तात्यांकडे दोन पिकअप आहेत. एक २०१८ ची, बीएस-४, म्हणजे भारत स्टेज या धुराच्या सरकारी निकषातली चौथी पायरी. दुसरी २०२१ ची, बीएस-६. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, नंबर वाचल्याशिवाय ओळखू येणार नाहीत अशा. वॉरंटीतल्या फुकट सर्व्हिसिंग संपल्यावर तात्यांनी शेडमध्ये वीस लिटरची ऑइलची बादली आणून ठेवली आणि दोन्ही गाड्यांचं ऑइल घरीच बदलायला सुरुवात केली. जुनी गाडी त्या ऑइलवर पहिल्यापासून उत्तम चालत होती. मग नवीला दुसरं कशाला, असा साधा हिशेब होता. लिटरमागे पैसेही निम्मे लागत होते.

आली ती नवी गाडी. "मिस्त्री, गाडी ओढतच नाही. रिकामी असली तरी चढाला दम सोडते," तात्या म्हणाले. गाडी त्यांचा पुतण्या चालवतो. त्यानं सांगितलं की मीटरमध्ये पिवळा दिवा तीन आठवडे येत-जात होता, दोन दिवसांपासून तो जातच नाही, आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन अडीच हजाराच्या वर फिरत नाही. डिझेलही जास्त लागतंय.

मी आधी गेजची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं अर्धं पेर वर होतं.

"बघा, सहा-सात हजार किलोमीटर झाले, थेंबभर ऑइल खाल्लं नाही," पुतण्या अभिमानानं म्हणाला.

या वाक्याशी मला थोडं थांबायचं आहे, कारण हे वाक्य मी वर्षभरात अनेक तोंडांतून ऐकतो. ऑइल कमी झालं की माणूस घाबरतो, वाढलं तर त्याला बरं वाटतं. पण इंजिनात ऑइल आपोआप तयार होत नाही. पातळी वाढली तर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, दुसरं काहीतरी येऊन मिळालेलं असतं, एक तर पाणी नाहीतर डिझेल. पाणी असतं तर झाकणाखाली दुधट फेस दिसला असता आणि कूलंटची टाकी रिकामी झाली असती. इथे दोन्ही नव्हतं. ऑइल बोटांत चोळलं तर चिकटपणा नव्हता, आणि वास सरळ डिझेलचा होता. गाळणकागदावर एक थेंब टाकून ठेवला. तासाभरानं मधला काळा डाग, आणि त्याभोवती दूरवर पसरलेलं फिकट, तेलकट कडं. ते कडं डिझेलचं.

स्कॅनर लावला. डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या काजळीच्या जाळीत, भार धोक्याच्या रेषेजवळ पोहोचला होता. शेवटची पूर्ण झालेली जाळी-सफाई १,३०० किलोमीटर मागे होती. त्यानंतर गाडीनं पंधरा-वीस वेळा सफाई सुरू केली होती आणि प्रत्येक वेळी ती अर्ध्यावर तुटली होती. गाडीचं एकूण रनिंग ४९,०००, त्यातलं शेवटचं ३१,००० बादलीतल्या ऑइलवर.

मग मी पुतण्याला बादलीवरची अक्षरं फोटो काढून पाठवायला सांगितली. १५डब्ल्यू-४० ही चिकटपणाची ग्रेड, आणि सीआय-४ प्लस हा एपीआय या अमेरिकी संस्थेचा दर्जा. गाडीच्या कप्प्यात मॅन्युअल होतं, कंपनीच्या प्लास्टिकमध्येच, कधी न उघडलेलं. त्यातल्या ऑइलच्या पानावर लिहिलं होतं: ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३. एसीईए ही युरोपातल्या गाडी-कंपन्यांची संघटना, सी३ हा तिचा दर्जा.

मी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "तात्या, तुमच्या ऑइलनं जाळी भरली." तात्यांचा चेहरा पडला. दोन दिवसांनी मला माझंच वाक्य मागे घ्यावं लागलं. ते का, हे कळायला ऑइल आणि जाळीचं नातं आधी नीट बघावं लागेल.

काजळी जळते, राख राहते

डीपीएफमध्ये दोन गोष्टी साठतात. पहिली काजळी. ती अर्धवट जळलेल्या डिझेलची असते, आणि जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापवली की ती जळून जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात. दुसरी राख. ती डिझेलमधून जवळजवळ येत नाही, ऑइलमधून येते. ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त यांची संयुगं घातलेली असतात. इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच, आणि त्यातला धातू जळून वायू होत नाही. तो राख होऊन जाळीच्या भोकांत बसतो. कितीही रिजनरेशन केलं तरी ही राख जात नाही. जाळी काढून धुवावी लागते, नाहीतर बदलावी लागते.

हे धातू ऑइलमध्ये उगीच घातलेले नाहीत. डिझेलमध्ये गंधक असतं, ते जळून आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल मारण्यासाठी कॅल्शियमची डिटर्जंट लागतात. बीएस-३ च्या काळात डिझेलमध्ये ३५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३५० भाग, गंधक चालत असे, बीएस-४ ला ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं तेव्हा ते १० पीपीएमवर आलं. सीआय-४ हा दर्जा २००२ चा, जास्त गंधकाच्या डिझेलच्या काळातला. त्यात राखेवर मर्यादाच घातलेली नाही, आणि बाजारातल्या ऑइलमध्ये ती सव्वा ते दीड टक्क्याच्या आसपास असते. पुढे २००६ मध्ये सीजे-४ आलं ते डीपीएफ डोळ्यांसमोर ठेवूनच, आणि त्यात सल्फेटेड राख, म्हणजे ऑइल जाळून मोजलेली राख, जास्तीत जास्त १ टक्का ठरली. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या सीके-४ मध्येही तीच मर्यादा आहे. युरोपातल्या एसीईएच्या सी३ दर्जात ती ०.८ टक्के आहे.

म्हणजे सीआय-४ प्लस हे वाईट ऑइल मुळीच नाही. जुन्या पिकअपच्या मॅन्युअलमध्ये तेच लिहिलं आहे आणि तिथे ते योग्यच आहे, कारण तिला जाळी नाही. ऑइलचा दर्जा ठरवताना इंजिनाच्या आत काय आहे एवढंच बघून आता भागत नाही, सायलेन्सरमध्ये काय बसवलंय तेही बघावं लागतं. बीएस-६ नंतर सगळ्यात मोठा फरक पडलाय तो इथे, आणि दुकानाच्या काउंटरवर तो क्वचितच कुणी सांगतं. काउंटरवर अजून "डिझेलचं द्या" एवढंच बोललं जातं.

आता माझी चूक. त्या रात्री मी हिशेब करून पाहिला. ही गाडी दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल जाळते असं धरलं, तर एक लाख किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे साधारण साडेआठ किलो ऑइल. १.४ टक्क्यानं त्याची राख होते सुमारे १२० ग्रॅम, ०.८ टक्क्यानं ६८ ग्रॅम. सगळीच राख जाळीत अडकते असं नाही, पण प्रमाण लक्षात येतं. चुकीच्या ऑइलवर ही जाळी जवळपास पाऊणपट जास्त वेगानं राखेनं भरणार होती, हे खरं. पण गाडी त्या ऑइलवर धावली होती फक्त ३१,००० किलोमीटर. तेवढ्यात जादा राख पंधरा-सोळा ग्रॅम. तेवढ्यानं गाडी अडीच हजार फेऱ्यांवर अडकत नाही. चुकीचं ऑइल हे या जाळीचं सावकाश होणारं नुकसान होतं. आजची तक्रार दुसऱ्याच कारणाची होती.

नऊ किलोमीटरची फेरी

ते कारण पुतण्याच्या दिवसाच्या हिशेबात सापडलं. शेतातून मार्केट, नऊ किलोमीटर. तिथे रांगेत तास-दीड तास, थोडं थोडं पुढे सरकत, इंजिन चालू. माल उतरवून परत नऊ किलोमीटर. हंगामात दिवसाला अशा तीन फेऱ्या. लांबच्या भाड्याला, म्हणजे वाशीला किंवा पुण्याला, तात्या जुनी गाडी पाठवायचे, "नवी जपून वापरायची" म्हणून.

जाळी जाळायला इंजिनाला सलग वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगानं. त्यासाठी लागणारी उष्णता बऱ्याच इंजिनांत अशी मिळवतात: पिस्टन खाली उतरत असताना सिलिंडरमध्ये उशिरा, जादा डिझेल फवारलं जातं. ते तिथे कामासाठी जळत नाही, धुराबरोबर पुढे जाऊन जाळीच्या आधीच्या कॅटॅलिस्टवर जळतं आणि जाळी तापवतं. पण त्यातलं थोडं लाइनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या, भिंतीला लागतं आणि रिंगांमधून ओघळून खाली चेंबरमध्ये उतरतं. सफाई पूर्ण झाली आणि गाडी पुढे मोकळी धावली तर त्यातलं काही डिझेल गरम ऑइलमधून उडूनही जातं. इथे काय व्हायचं? गाडी सफाई सुरू करायची, नवव्या किलोमीटरला रांगेत अडकायची आणि सफाई तुटायची. परतीला पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दर वेळी थोडं डिझेल खाली, आणि जाळी तशीच काळी. काजळी वाढली की सफाईचे प्रयत्न वाढणार, प्रयत्न वाढले की ऑइलमध्ये डिझेल वाढणार. गेजवरचं ते अर्धं पेर असं साठलेलं होतं.

ऑइलचा नमुना मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पाठवला. खर्च दोन लिटर ऑइलएवढा आला. तात्या कुरकुरले, पण नंतर तो कागद त्यांनी स्वतः चार जणांना दाखवला. ऑइलमध्ये डिझेल सहा टक्क्यांच्या आसपास. १०० अंशांना चिकटपणा ११.६ सेंटिस्टोक. ४० ग्रेडच्या ऑइलनं या तापमानाला किमान १२.५ असायला हवं. ३० ग्रेडची कक्षा ९.३ ते १२.५ अशी आहे. म्हणजे जाड ऑइल म्हणून भरलेलं ४० प्रत्यक्षात ३० च्या घरात उतरलं होतं, आणि तेही डिझेल मिसळलेलं, वंगणाचा थर धरायला कच्चं. अशा ऑइलवर बेअरिंगं आधी जातात, मग टर्बो. शिवाय पातळी खूपच वाढली तर ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये खेचलं जातं आणि इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू लागतं. मग चावी बंद करूनही थांबत नाही. हे मी एकदा दुसऱ्या गाडीत डोळ्यांनी पाहिलं आहे, पुन्हा बघायची इच्छा नाही.

"पाच-तीस पाण्यासारखं असतं"

तात्यांचा खरा आक्षेप पुढे आला, आणि तो फेटाळण्यासारखा नव्हता. "मिस्त्री, मे महिन्यात माळशेज चढायचा, गाडीत दीड टन माल, आणि तुम्ही ते पाण्यासारखं पाच-तीस घालायला सांगता?"

आपल्याकडे पातळ ऑइलची भीती खोलवर बसलेली आहे, कारण एक काळ ती रास्त होती. म्हणून आकड्यांचा अर्थ नीट सांगितला. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. १५डब्ल्यूची कसोटी उणे २० अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला. जुन्नर तालुक्यात तेवढी थंडी कधीच पडत नाही, पण पहाटे थंड इंजिन चालू करताना ५डब्ल्यू टर्बोपर्यंत लवकर पोहोचतं, एवढा फायदा आपल्यालाही आहे. नंतरचा आकडा १०० अंशांचा. पण घाटात, भाराखाली, बेअरिंगच्या फटीत ऑइल १०० च्याही वर तापतं आणि जोरात घासलं जातं. तिथली ताकद मोजायची कसोटी वेगळी आहे, १५० अंशांवरची, तिला एचटीएचएस म्हणतात. साध्या ३० ग्रेडला त्यात २.९ (मिलिपास्कल-सेकंद) पुरतात. सी२ दर्जालाही किमान २.९ च आहे. सी३ ला मात्र किमान ३.५ लागतात, आणि ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० यांनाही किमान तेवढेच लागतात. १५डब्ल्यू-४० ला ३.७. म्हणजे सी३ लिहिलेलं ५डब्ल्यू-३० घाटात चाळिसाच्या जवळपास उभं राहतं. कॅनवर फक्त ५डब्ल्यू-३० बघून पेट्रोल गाडीचं स्वस्त ऑइल उचललं, तर मात्र तात्यांची भीती खरी ठरेल. त्यामुळे ग्रेड आणि दर्जा दोन्ही जुळायला हवेत, एक जुळून उपयोग नाही. एपीआयच्या खुणेत एस पेट्रोलचा आणि सी डिझेलचा, हेही त्याच ओघात सांगितलं. एसीईएचा सी वेगळा, तो जाळी-कॅटॅलिस्टच्या गाड्यांचा. या दोन सींचा घोळ दुकानदारही करतात.

दरम्यान गावातून दुसरा सल्ला आलाच: जाळी कापून काढा, कॉम्प्युटरमध्ये मॅप मारा, म्हणजे इंजिनाचा प्रोग्रॅम बदला, आयुष्यभराची कटकट मिटेल. नव्या जाळीची किंमत सहा आकडी ऐकल्यावर तात्यांचं मन तिकडे वळलं होतं, त्यांना दोष देत नाही. मी हे काम करत नाही. ते बेकायदेशीर आहे, पण माझ्यासाठी आधीचं कारण असं की ही काजळी पहिल्यांदा मार्केटच्या रांगेत उभ्या असलेल्यांच्याच छातीत जाते. हमाल, क्रेट उचलणाऱ्या बाया, शेजारच्या गाडीत झोपलेला ड्रायव्हर. दिवसभर तिथेच असतात ही माणसं.

काय केलं

भार अजून सफाईची परवानगी मिळण्याइतका होता, हे नशीब. तो रेषेपार गेला असता तर जाळी खोलूनच काढावी लागली असती. स्कॅनरवरून सफाई करण्याआधी चेंबरमधलं जास्तीचं ऑइल काढून पातळी खुणेवर आणली, कारण सफाईत आणखी डिझेल खाली उतरणार होतं. गाडी मोकळ्या काँक्रीटवर, वाळलेल्या गवतापासून लांब उभी केली. सायलेन्सरमधून निघणारी हवा एवढी तापते की पाचट सहज पेटेल. चाळीस मिनिटं लागली. भार खाली आला, दिवा गेला. त्यानंतर सगळं ऑइल गरम असतानाच काढलं, फिल्टर बदलला आणि सी३ दर्जाचं ५डब्ल्यू-३० भरलं. नवं ऑइल आधी भरून मग सफाई केली असती तर पहिल्याच तासाला ते डिझेलनं खराब केलं असतं.

पैशांचं बोलायचं तर बादलीतलं ऑइल लिटरला २९० पडत होतं, हे ५६० पडलं. सहा लिटरला फरक सोळाशे रुपयांचा.

दोन्ही गाड्यांना चालेल असं एकच ऑइल नाही का, हा तात्यांचा प्रश्न योग्य होता. सीके-४ हे मागच्या दर्जांच्या जागी चालतं, म्हणून १५डब्ल्यू-४० सीके-४ जुन्या पिकअपला बिनधास्त घालता आलं असतं. पण नवीच्या मॅन्युअलमध्ये त्याला जागा नव्हती. तिथे राख आणखी कमी हवी आणि ग्रेडही वेगळी. ज्यांच्या मॅन्युअलमध्ये सीके-४ लिहिलंय, आणि बऱ्याच बीएस-६ ट्रकांना ते लिहिलेलं असतं, त्यांनी एकच बादली जरूर ठेवावी. तात्यांच्या घरी ते जमणार नव्हतं. म्हणून बादलीवर लाल रंगाचा पट्टा आणि जुन्या गाडीच्या ऑइल भरायच्या झाकणावरही लाल पट्टा. नवीला निळा. पुतण्यानं हे त्याच दिवशी केलं. रिकामे कॅन भंगारात देण्याआधी भोसकायचे, हेही ठरलं, कारण तेच कॅन भरून पुन्हा विकले जातात.

खरा इलाज ऑइलच्या डब्यात नव्हता. मी तात्यांना गाड्यांची अदलाबदल करायला सांगितली: जाळी नसलेली जुनी गाडी शेत-मार्केटच्या छोट्या फेऱ्यांना, आणि नवी वाशी-पुण्याच्या भाड्याला. जपायची म्हणून घरात ठेवलेली गाडीच आजारी पडली होती, हे त्यांना पटायला आठवडा गेला. मॅन्युअलमधला खडतर वापराचा नियम धरून नवीचं ऑइल साडेसात हजाराला किंवा सहा महिन्यांनी बदलायचं ठरलं, आणि दर सोमवारी पट्टी बघायची. पातळी वरच्या खुणेपार गेली की किलोमीटर न मोजता ऑइल बदलायचं.

अकरा महिन्यांनी, आणखी २२,००० किलोमीटर झाल्यावर, मी पुन्हा नमुना पाठवला. डिझेल दोन टक्क्यांच्या आत. सफाई साधारण साडेतीनशे किलोमीटरला एकदा होते आणि पूर्ण होते. सफाईनंतरही जाळीच्या दोन बाजूंच्या दाबात जो थोडा फरक उरतो, त्यात जुन्या ऑइलच्या राखेचा वाटा असणार. तो आकडा मी गाडीच्या कार्डावर तारखेसह लिहून ठेवला आहे, प्रत्येक सर्व्हिसिंगला त्याखाली नवा लिहायचा. जुन्या पिकअपला या सगळ्यात काहीच झालेलं नाही. ती रोज सकाळी क्रेट भरून मार्केटच्या रांगेत उभी असते, लाल झाकणाची.